मेयरहोल्डचे दप्तर

स्नेहसंमेलन आटोपले की एकांकिकेच्या वह्यांचे काय होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. नकला ज्याच्या त्याच्या घरी जातात, दिग्दर्शकाने खाणाखुणा करून ठेवलेली संहिता विंगेत कुठेतरी पडून राहते आणि पुढच्या वर्षी रंगमंच झाडताना तीही केरात जाते. नाटकाचा व्यवहारच असा आहे. पडदा पडला की प्रयोग गेला. म्हणून एखाद्या दिग्दर्शकाचे कागद कुणी जिवावर उदार होऊन दडवून ठेवावेत, एका घरातून दुसऱ्या घरी गुपचूप हलवावेत, हे प्रथम वाचले तेव्हा मला मोठे नवल वाटले. तो दिग्दर्शक म्हणजे रशियाचा व्सेवलोद मेयरहोल्ड. त्याच्या नाट्यविचारांवर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे त्याचे चरित्र सांगायचे आहे ते त्याच्या दप्तराच्या अंगाने. दप्तर जपले गेले म्हणूनच माणूस हाती लागला, अशी ही गोष्ट आहे.

१८७४ साली पेन्झा या आडगावच्या शहरात एका जर्मन वंशाच्या कुटुंबात तो जन्मला. वडिलांची दारूची भट्टी होती, घरात पैसा होता आणि हे आठवे अपत्य. पाळण्यातले नाव कार्ल काझिमिर थिओडोर. एकविसाव्या वर्षी त्याने लूथरपंथ सोडून रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि गार्शिन या आपल्या आवडत्या कथाकाराचे व्सेवलोद हे नाव स्वतःला घेतले. मॉस्को विद्यापीठात कायदा शिकायला गेला, पण मन लागेना. १८९६ मध्ये नेमिरोविच-दानचेन्को यांच्या नाट्यवर्गात दाखल झाला आणि १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर स्थापन झाले तेव्हा पहिल्या नटसंचात त्याचे नाव होते. त्याच वर्षी चेकॉव्हच्या ‘सीगल’मध्ये त्याने त्रेपलेवची भूमिका केली. जुन्या रंगभूमीला विटलेला, नव्या आकृतीसाठी तळमळणारा आणि शेवटी स्वतःला गोळी घालून घेणारा तो तरुण लेखक. भूमिका नटाला शोधत येते असे जुने लोक म्हणत, त्याची येथे आठवण होते.

चेकॉव्हचा या तरुण नटावर लोभ होता. दोघांचा पत्रव्यवहार चाले. या पत्रांची हकिकत आत्ताच सांगून टाकतो. मेयरहोल्डने चेकॉव्हला लिहिलेली पत्रे सुरक्षित राहिली, कारण चेकॉव्ह आलेले प्रत्येक पत्र नीट लावून ठेवी. चेकॉव्हची मेयरहोल्डला आलेली पत्रे मात्र गेली. स्वतःजवळ ती सांभाळली जाणार नाहीत या काळजीने मेयरहोल्डने ती एका संग्रहालयात ठेवायला दिली होती. ज्याच्या हाती दिली तो माणूस वारला आणि पत्रांचा मागमूस लागला नाही. एक तेवढे वाचले, तेही आधीच छापून निघाले होते म्हणून. आपल्या हातून झालेल्या या हानीची हळहळ त्याला उतारवयापर्यंत होती. कागद सुरक्षित जागी ठेवला म्हणजे तो सुरक्षित राहतोच असे नाही, हा धडा त्याच्या घराला असा लवकर मिळाला.

१९०२ मध्ये त्याने आर्ट थिएटर सोडले आणि खेर्सोन या दक्षिणेकडच्या गावी स्वतःची मंडळी काढली. हुबेहूब जीवन रंगमंचावर उभे करण्याच्या स्तानिस्लाव्स्कीच्या पद्धतीचा त्याला कंटाळा आला होता. तरीही १९०५ मध्ये स्तानिस्लाव्स्कीनेच त्याला परत बोलावून एक प्रयोगशाळा काढून दिली. नाटके बसली, तालमी झाल्या, पण पडदा कधी उघडलाच नाही. त्या वर्षीच्या दंगलींत आणि स्तानिस्लाव्स्कीच्या मनातल्या शंकांत ती शाळा बंद पडली. पुढे पीटर्सबर्गला व्हेरा कमिसारझेव्स्काया या थोर नटीने त्याला आपल्या नाटकगृहात घेतले. तेथे ३० डिसेंबर १९०६ रोजी त्याने ब्लोक या कवीचे एक छोटे नाटक केले. पिएरोची भूमिका स्वतःच केली. अर्धे प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते आणि अर्धे शिट्या मारीत होते. वर्षभरात कमिसारझेव्स्कायाने त्याला निरोप दिला. त्याच्या नाटकात नट कळसूत्री बाहुल्या होतात, ही तिची तक्रार अगदीच निराधार नव्हती.

यानंतरचा त्याचा अवतार मला फार गमतीचा वाटतो. १९०८ पासून हा बंडखोर चक्क झारच्या सरकारी नाट्यगृहांचा पगारी दिग्दर्शक झाला. दिवसा राजेशाही रंगमंचावर मोलिएर आणि वाग्नर, आणि रात्री ‘डॉक्टर दापेर्तुत्तो’ हे टोपणनाव घेऊन छोट्या कॅबरेत इटालियन मुखवट्यांचे खेळ. नाव सुचवले कवी कुझमिनने, हॉफमनच्या एका कथेतून. याच काळात त्याने दोन चित्रपटही केले. ऑस्कर वाइल्डच्या ‘डोरियन ग्रे’वरच्या १९१५ च्या चित्रपटात त्याने स्वतः लॉर्ड हेन्रीचे काम केले होते. ते चित्रपट आज उपलब्ध नाहीत. लेर्मोंतोवच्या ‘मास्करेड’ची तयारी मात्र पाच-सहा वर्षे चालली होती. नेपथ्यकार गोलोविनने पोषाख आणि सामानसुमानाची हजारो चित्रे काढली. शेवटी पहिला प्रयोग लागला तो २५ फेब्रुवारी १९१७ ला. नाट्यगृहात झगमगाट आणि बाहेर रस्त्यावर गोळीबार. आठवडाभरात झारने सिंहासन सोडले.

क्रांतीनंतर नव्या सरकारने कलावंतांना हाक दिली तेव्हा जे मोजके पुढे आले त्यांत मेयरहोल्ड होता. १९१८ मध्ये तो पक्षाचा सभासद झाला आणि त्याच वर्षी क्रांतीच्या पहिल्या वाढदिवशी मायाकोव्स्कीचे ‘मिस्टेरिया-बुफ’ त्याने रंगमंचावर आणले. १९१९ मध्ये दक्षिणेत गोऱ्या सैन्याच्या हाती सापडून काही काळ तुरुंगही भोगला. १९२० मध्ये मॉस्कोला परतल्यावर सरकारच्या नाट्यखात्याची सूत्रे त्याच्याकडे आली. अंगात लष्करी कोट, डोक्यावर टोपी, आणि जुन्या नाट्यगृहांवर तोंडाची तोफ. चरित्रकार हा काळ जरा झाकून सांगतात, मला ते बरोबर वाटत नाही. सत्ता हातात असताना आपल्याहून वेगळी रंगभूमी करणाऱ्यांशी तो मुळीच उदारपणे वागला नाही. पुढे जे शस्त्र त्याच्यावर उगारले गेले, त्याची मूठ काही दिवस त्याच्याही हातात होती.

पण काम? कामाला तोड नव्हती. १९२१ मध्ये त्याने शाळा काढली. ‘बायोमेकॅनिक्स’ नावाच्या व्यायामांतून नटाचे शरीर घडवायचे, भावना मग आपोआप येईल, असा त्याचा सिद्धान्त. बाण सोडणे, दगड फेकणे, थोबाडीत मारणे, असे एकेक आविर्भाव मोजून-मापून शिकवले जात. २५ एप्रिल १९२२ च्या ‘मॅग्नॅनिमस ककोल्ड’ या नाटकात पडदा नव्हता, विंगा नव्हत्या. ल्युबोव पोपोवाने उभारलेले चाकांचे, शिड्यांचे आणि घसरगुंडीचे एक लाकडी यंत्र, आणि त्यावर निळ्या कामगारी वेषातले नट. नट काय काय करू शकतो, हे लोकांनी जणू प्रथमच पाहिले.

या शाळेतल्या दोन विद्यार्थ्यांशी आपल्या गोष्टीचा संबंध आहे. एक झिनाइदा राइख. येसेनिन या कवीची ती घटस्फोटित पत्नी, पदरी तात्याना आणि कोन्स्तान्तिन ही दोन लहान मुले. मेयरहोल्डने पहिला संसार सोडून तिच्याशी विवाह केला आणि मुलांना आपली मानली. दुसरा विद्यार्थी सेर्गेई आयझेनश्टाइन, पुढे ‘बॅटलशिप पोटेमकिन’ करणारा. गुरूशी त्याचे फार दिवस जमले नाही. गुरू अद्भुत आहे, पण आपल्या कलेची गुपिते शिष्यांना काही केल्या उघड करून सांगत नाही, अशा आशयाची तक्रार त्याने पुढे आठवणींत नोंदवून ठेवली. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मेयरहोल्ड नाटककार नव्हता, असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. ओस्त्रोव्स्कीचे ‘फॉरेस्ट’ त्याने १९२४ मध्ये ३३ तुकडे करून नव्याने जुळवले. ९ डिसेंबर १९२६ ला गोगोलचे ‘इन्स्पेक्टर जनरल’ केले तेव्हा गोगोलचे निरनिराळे कच्चे खर्डे धुंडाळून त्यांतून स्वतःची संहिता बेतली आणि जाहिरातीवर आपले नाव प्रयोगाचा लेखक म्हणून छापले. हे नाटक आपल्याला परके नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘अंमलदार’ याच मुळावरचे. आपल्याकडे आपण ते पोट धरून हसत पाहिले. मेयरहोल्डच्या प्रयोगात लहानशा चौथऱ्यावर खेचाखेच माणसे कोंबून बसवलेली असत आणि तो चौथरा अंधारातून पुढे सरकत येई. शेवटी खरा इन्स्पेक्टर आल्याची वर्दी येते आणि सगळे गोठतात. दिवे लागत तेव्हा प्रेक्षकांना कळे की समोर नट नाहीत, त्यांच्या जागी माणसांएवढ्या बाहुल्या उभ्या आहेत. हसू तिथल्या तिथे विरून जात असले पाहिजे. काही टीकाकार भडकले, गोगोलचा खून झाला म्हणाले. झिनाइदाला मोठमोठ्या भूमिका मिळतात म्हणून मंडळीतही कुरबुर होती. ती सुरुवातीला सामान्य नटी होती हे खरे, आणि पुढे ती चांगली नटी झाली हेही खरे.

हे सगळे आपल्याला इतक्या तपशिलाने कसे कळते? येथे दप्तर येते. आपली कला क्षणजीवी आहे ही जाणीव मेयरहोल्डला इतरांपेक्षा जास्त बोचत असावी. त्याच्या नाट्यगृहात तालमींना लघुलेखक बसत. प्रवेश किती मिनिटे चालला याची घड्याळ लावून नोंद होई. एवढेच नव्हे, तर प्रेक्षक कोणत्या क्षणी काय करतात, हे टिपण्यासाठी वीस प्रकारच्या प्रतिक्रियांचा एक तक्ता केला होता. शांतता, गलका, खोकला, उसासा, हशा, रडणे, टाळ्या, शीळ, उठून जाणे, इथपासून थेट रंगमंचावर वस्तू फेकणे आणि रंगमंचावर चढून येणे इथपर्यंत. आमच्या संमेलनाला असा तक्ता ठेवला तर शेवटच्या दोन रकान्यांना जागा पुरणार नाही! विनोद सोडून द्या. पण हवेत विरणारा हशा कागदावर उतरवून ठेवावा, ही केवढी जिद्द. शिवाय घरी पत्रे, टिपणे, व्याख्यानांची लिखिते, नेपथ्याची रेखाटने यांचा डोंगर साचत होता तो वेगळाच. न झालेल्या नाटकांच्या तालमीही त्यात होत्या. १९३६ मध्ये पुश्किनचे ‘बोरिस गोदुनोव’ तो बसवीत होता, संगीत प्रोकोफिएवचे. ते लोकांपुढे आले नाही, तालमींची लिखिते राहिली.

काळ फिरला होता. १९३० च्या एप्रिलमध्ये मायाकोव्स्कीने आत्महत्या केली. त्याच वर्षी मेयरहोल्ड मंडळी घेऊन जर्मनी-फ्रान्सला गेला, तेव्हा परत जाऊ नकोस असे मिखाइल चेकॉव्ह या नटाने त्याला बजावले होते. तो परतला. १९३६ पासून कलेतल्या ‘आकारवादा’विरुद्ध सरकारी मोहीम सुरू झाली, आणि आकारवादी म्हटल्यावर पहिले नाव कुणाचे असणार? १७ डिसेंबर १९३७ ला ‘प्रावदा’त त्याचे नाट्यगृह परके ठरवणारा लेख आला. जानेवारी १९३८ मध्ये ते बंद झाले. त्याच्यासाठी मॉस्कोच्या मोठ्या चौकात नवे नाट्यगृह बांधले जात होते. त्याला दर्शनी चौकट नव्हती आणि प्रेक्षक रंगमंचाला तिन्ही बाजूंनी वेढून बसणार होते. ती इमारत १९४० मध्ये चायकोव्स्कीच्या नावाचे संगीतगृह म्हणून उघडली.

सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा हात पुढे केला तो स्तानिस्लाव्स्कीने, ज्याच्याविरुद्ध मेयरहोल्डने आयुष्यभर रंगभूमी उभारली त्याने. आपल्या ऑपेरागृहात त्याने त्याला काम दिले. पण ऑगस्ट १९३८ मध्ये तो म्हातारा वारला आणि डोक्यावरचे छत्र गेले.

जून १९३९ मध्ये मॉस्कोत दिग्दर्शकांची परिषद भरली. मेयरहोल्ड बोलायला उभा राहिला तेव्हा सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्या भाषणाविषयी पुढे एक आख्यायिका प्रचलित झाली. देशांतर झालेल्या येलागिन नावाच्या वादकाने आपल्या पुस्तकात लिहिले की मेयरहोल्डने त्या दिवशी सत्तेला तोंडावर सुनावले, तुम्ही कला मारून टाकली असे बजावले. कितीतरी वर्षे जगाने ते खरे मानले. मग त्या भाषणाचे लघुलिखित बाहेर आले. त्यात तसे काही नाही. त्यात एक थकलेला, पासष्ट वर्षांचा माणूस आपल्या चुकांची कबुली देतो आहे, सरकारने सुधारण्याची संधी दिली म्हणून आभार मानतो आहे, आणि मधूनच नाटकाचे एखादे मर्म निघून जाते आहे. वाचून वाईट वाटते. आख्यायिका जास्त आवडली असती, हे मी मान्य करतो. पण दप्तराला आपली आवड-नावड नसते, आणि खरे सांगायचे तर त्या आख्यायिकेतल्या वीरापेक्षा हा घाबरलेला माणूस मला अधिक जवळचा वाटतो. घाबरला म्हणून काही वाचला नाहीच.

२० जून १९३९ ला लेनिनग्राडमध्ये त्याला अटक झाली. जुलैच्या मध्यावर एका रात्री मॉस्कोतील ब्र्यूसोव गल्लीतल्या घरात मारेकरी शिरले आणि त्यांनी झिनाइदाला भोसकून मारले. त्यांना कुणी पाठवले, हे निर्विवादपणे कधीच सिद्ध झाले नाही. मुलांना घर खाली करण्याचा हुकूम झाला आणि तिथे गुप्त पोलीस खात्याच्या बेरियाच्या मर्जीतली माणसे राहायला आली.

तात्याना तेव्हा एकवीस वर्षांची होती. पदरी तान्हे मूल. आई गेलेली, सावत्र बाप कुठे आहे याचा पत्ता नाही. अशा वेळी माणूस काय उचलेल? भांडी, कपडे, दागिने. तिने कागद उचलले. मॉस्कोजवळ गोरेंकी येथे कुटुंबाचे उन्हाळी घर होते, तिथे तिने सारे दप्तर नेऊन ठेवले. मेयरहोल्डचे नाव उच्चारणेही त्या दिवसांत धोक्याचे होते. पुस्तकांतून ते वगळले गेले होते, छायाचित्रांतून तो कापला जात होता. १९४१ मध्ये जर्मन विमाने मॉस्कोवर बाँब टाकू लागली. लाकडी घर, आत कोरड्या कागदांचा ढीग. एक ठिणगी पुरे होती. पोलिसांच्या भीतीत आता आगीच्या भीतीची भर पडली. तात्याना आयझेनश्टाइनकडे गेली.

आयझेनश्टाइन त्या वेळी देशाचा मान्यवर दिग्दर्शक होता. गमावण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ होते, आणि मधल्या काळात त्याच्याही डोक्यावर सरकारी रोषाची तलवार लटकून गेली होती. एका शत्रू ठरवलेल्या माणसाचे कागद घरात सापडले असते तर काय झाले असते, हे त्याला सांगायला नको होते. त्याने ते घेतले आणि क्रातोवो येथील आपल्या घरी ठेवले. ज्या गुरूने गुपिते सांगितली नाहीत अशी त्याची तक्रार होती, त्या गुरूची सारी गुपिते आता त्याच्या घरात होती. त्याच शरद ऋतूत त्याला चित्रपटाच्या कामासाठी दूर आल्मा-आताला जावे लागले. युद्ध संपले, दप्तर तसेच राहिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये, पन्नाशी गाठताच, आयझेनश्टाइन हृदयविकाराने गेला. त्यानंतर ते कागद मॉस्कोच्या साहित्य-कला अभिलेखागारात जमा झाले. नोंदवहीत त्यांना ९९८ हा क्रमांक मिळाला. स्तालिन अजून पाच वर्षे जगायचा होता.

या साऱ्या वर्षांत दप्तराचा मालक कुठे होता? तो २ फेब्रुवारी १९४० रोजीच गोळी घालून मारला गेला होता. आदल्या दिवशी काही मिनिटांचा बंद खोलीतला खटला. आरोप इंग्रजांसाठी आणि जपानसाठी हेरगिरीचा. सेकी सानो हा जपानी दिग्दर्शक त्याच्याकडे काही वर्षे शिकत होता, तेही आरोपाला कामी आले. कुटुंबाला हे कळवले गेले नाही. पुढे मृत्यूचा दाखला मिळाला त्यात १९४२ ची खोटी तारीख होती. खरी हकिकत दुसऱ्या दप्तरात बंद होती, पोलिसांच्या. तिथे जानेवारी १९४० मध्ये त्याने मोलोतोवला लिहिलेले पत्र होते. त्यात रबरी पट्ट्याने तळपायांवर आणि पाठीवर कसे मारले, त्याच जखमांवर पुन्हा कसे मारले, आणि त्या वेदनेत आपण खोटा कबुलीजबाब कसा दिला, हे त्याने लिहिले आहे. आयुष्यभर नटांना शरीराची भाषा शिकवणाऱ्या माणसाने हे लिहावे! सामान्य वाचकांपर्यंत ते पत्र पोचायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली.

१९५५ मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आले. चौकशी करणाऱ्या तरुण सरकारी वकिलाला, र्‍याझ्स्कीला, मेयरहोल्ड कोण हेसुद्धा धड माहीत नव्हते. त्याने दारोदार फिरून साक्षी मिळवल्या, पास्तरनाक आणि शोस्ताकोविच यांनी लिहून दिले. पास्तरनाकचे नाव छळाखाली काढलेल्या कबुलीजबाबातही होते, हा त्यातला विलक्षण योग. १९६८ मध्ये मेयरहोल्डच्या लेखांचे, पत्रांचे आणि भाषणांचे दोन खंड मॉस्कोत निघाले. पुढच्याच वर्षी रुदनित्स्कीचा त्याच्यावरचा मोठा ग्रंथ आला. इंग्रजी भाषांतरे झाली आणि आपल्याकडचे नाटकवाले बायोमेकॅनिक्सविषयी वाचू लागले, तेही याच खंडांच्या आधारे.

धाकटा कोन्स्तान्तिन युद्धात जखमी होऊन परतला आणि फुटबॉलचा नामांकित आकडेतज्ज्ञ झाला. कोणी किती गोल केले, कोणत्या सामन्यात केले, याच्या नोंदी तो जन्मभर ठेवीत राहिला. त्या घराचे पाणीच तसे असावे. तात्याना ताश्कंदला राहिली. रुदनित्स्की तिला पत्रांतून प्रश्न विचारी. घरात कोण येई, कोण कुठे बसे, कागद कसे हलवले, आणि ती आठवेल तसे लिहून पाठवी. १९९२ मध्ये ती वारली. तिची ती पत्रेही पुढे पुस्तकरूपाने छापली गेली.

झिनाइदाची कबर मॉस्कोच्या वागान्कोवो दफनभूमीत आहे. त्या दगडावर मेयरहोल्डचेही नाव कोरले आहे, कारण तो दगड बसवला तेव्हा त्याची राख कुठे आहे हे घरच्यांना ठाऊक नव्हते. ती दोन्स्कोई दफनभूमीतल्या एका सामाईक खड्ड्यात, बेवारस म्हणून पुरलेल्या शेकडोंच्या राखेत मिसळली आहे, हे पोलिसांचे दप्तर उघडल्यावर कळले.